राक्षसाच्या बांधावरच्या सात खुणा

माझं नाव भटू. हे नाव घेऊन माणसानं शास्त्रज्ञ व्हायचं ठरवलं की काय होतं, ते मला विचारा. पारोळ्याला वडिलांच्या कापसात राहिलो असतो तर आज भटूआबा म्हणून चारचौघांत मान असता. पण अवदसा आठवली आणि धुळ्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला लागलो. वर्गात सहा पोरं. त्यातली चार इतर कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेली, आणि उरलेल्या दोघांना भूगर्भ आणि भूगोल यांत काय फरक ते परीक्षेच्या दिवशी कळलेलं. तिथे मी भटू सर झालो. डॉक्टर व्हायला मात्र अकरा वर्षं लागली. ती डॉक्टरकी कशी मिळाली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आज सहा वर्षं झाली त्याला, आता सांगून टाकतो.

धुळ्याहून साक्रीच्या अंगाला निघालात, तर शेतांच्या मधून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती गेलेल्या दिसतात. कोणी बांधलेल्या नाहीत त्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन ताणली गेली, तिला भेगा पडल्या, त्या भेगांत खालून तापलेला शिलारस घुसला आणि तिथेच गोठला. बाजूचा ठिसूळ दगड पावसापाण्यानं झिजून गेला, आणि आत गोठलेला घट्ट दगड भिंतीसारखा उभा राहिला. शास्त्रात त्याला डाइक म्हणतात. खडकवण गावात त्याला राक्षसाचा बांध म्हणतात. राक्षसानं एका रात्रीत बांधला आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धा सोडून गेला, अशी तिथली थिअरी. माझी थिअरी अकरा वर्षांत तयार झाली, आणि खरं सांगायचं तर राक्षसाची जास्त टिकली.

खडकवणच्या बांधात एक जागा होती, तिच्यावर माझा सगळा प्रबंध उभा होता. गावचा बांध म्हणजे साठ फूट जाडीची पूर्व-पश्चिम भिंत. तिला एका ठिकाणी सहा फुटांची एक बारीक भिंत उत्तर-दक्षिण आडवी छेदून गेलेली दिसायची. आता जी भिंत दुसरीला छेदते ती नंतरची, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. आधी पडलेल्या रस्त्यालाच नंतरची गटार कापून जाते, त्यातलाच प्रकार. म्हणजे जाड भिंत आधी आली आणि बारीक नंतर. म्हणजे इथली जमीन आधी उत्तर-दक्षिण ताणली गेली आणि मग ताण फिरून पूर्व-पश्चिम झाला. झालं, एवढंच. एवढ्यासाठी अकरा वर्षं, तीनशे बारा दगडांचे नमुने आणि दोन लुना.

तीनशे बारा दगड कुठे होते? घरात. पलंगाखाली, माळ्यावर, देवघराच्या शेजारी. आमच्या प्रमिलाबाई, म्हणजे आमची मंडळी, पहिली तीन वर्षं काही बोलल्या नाहीत. चौथ्या वर्षी नमुना क्रमांक त्रेचाळीस लोणच्याच्या बरणीत दडपण म्हणून गेला. मी आरडाओरडा केला तर म्हणाल्या, "लोकांची पोरं बालवाडीतून कॉलेजात गेली, तुमचा दगड अजून बालवाडीतच आहे. बसू दे त्याला बरणीत, काहीतरी कामाला येईल."

माझे मार्गदर्शक शालिग्राम सर. विद्वान माणूस. इतका विद्वान की अकरा वर्षांत खडकवणला एकदाच आला, आणि तोही जीपमधून उतरला नाही, कारण ऊन होतं. पण माझ्या या छेदावर त्यांनी दोन लेख लिहून छापले. पहिल्यात माझं नाव शेवटी होतं, दुसऱ्यात आभारात. "भटू, हा छेद म्हणजे सोनं आहे," असं ते दर भेटीत म्हणायचे. सोनं कोणाचं, ते मी विचारलं नाही.

आणि इसाकभाई. याची ओळख नीट करून देतो, कारण या सगळ्या गोष्टीत शुद्धीवर असलेला एकटा तोच. इसाक सुरुंगवाला. धुळ्याच्या मोगलाईत घर, आणि आयुष्य सगळं तालुक्यातल्या विहिरी फोडण्यात गेलेलं. दगडावर पहार आपटली की आवाजावरून सांगायचा, खाली किती फुटांवर काय आहे. माझ्याकडे होकायंत्र होतं, हातोडी होती, भिंग होतं, पुण्याहून मागवलेली पुस्तकं होती. त्याच्याकडे डावा कान होता, उजवा एका बारानं गेला होता.

चौऱ्याऐंशी साली खडकवणच्या हिलाल नानानं, म्हणजे तिथल्या सरपंचानं, बांधाच्या कडेला, त्या छेदाच्याच अंगाला, विहीर खोदली. काम इसाकभाईचं. चाळीस फुटांवर त्यानं मला निरोप पाठवला की येऊन बघा. मी गेलो नाही, परीक्षेचे पेपर तपासत होतो. पुढे बांधावर भेटला तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही वरून बघता ते बरोबर नाही. खाली उलटं आहे. मोठा दगड बारीकला कापून जातो. मी हातानं फोडलाय ना."

मला काय वाटलं असेल? हसू आलं. सुरुंगवाला मला कालक्रम शिकवणार! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणालो, "इसाकभाई, तुम्ही सुरुंग लावा. बाकीचं आम्ही बघतो."

तो "जी" म्हणाला आणि बिडी पेटवून निघून गेला. विहिरीला पाणी भरपूर लागलं. बांध पाणी अडवतो, हे तर मीच व्याख्यानात सांगतो. चाळीस फुटांवरचं जे काही होतं ते पाण्याखाली गेलं आणि मी निश्चिंत झालो.

नव्वद साली महामार्ग रुंद करायचं निघालं. रस्त्याला खडी लागते. खडीला काळा दगड लागतो. आणि काळा दगड आयता भिंत करून कोणी उभा ठेवला असेल, तर ठेकेदार काय आरती ओवाळणार? राक्षसाच्या बांधाच्या पूर्वेच्या टोकाला खडीमशीन बसलं. सकाळी आठपासून धडधड, दुपारी एकला बार. महिन्याला शंभर फूट बांध रस्त्यावर जायला लागला.

मी अर्ज केले. तहसिलात केला, त्यांनी खाणीच्या खात्याकडे पाठवला. खाणीच्या खात्यानं विचारलं, त्या दगडाखाली काही मौल्यवान आहे काय? मी लिहिलं, मौल्यवान वरच आहे, दोन दगड एकमेकांना छेदतात. त्यावर उत्तर आलं नाही. माझ्यावर दया करून कोणी फाईल बंद केली असावी. हिलाल नानाला भेटलो तर तो ओट्यावर बसून शांतपणे म्हणाला, "सर, आख्खा तालुकामा दगडच दगड शे. तुम्हले हाऊच कसाले जोयजे?"

मला हाच दगड कशाला हवा, याचं शास्त्रीय उत्तर माझ्याकडे चारशे पानांचं होतं. ते ऐकायला नानाला वेळ नव्हता, मळ्यात पाणी सोडलेलं होतं.

ब्याण्णवच्या जानेवारीत पत्र आलं. प्रबंध बाहेरच्या राज्यातल्या परीक्षकांनी वाचला होता. त्यांना फार आवडला होता. तोंडी परीक्षा चौदा फेब्रुवारीला. आणि खाली एक ओळ, स्वतःच्या हातानं लिहिलेली, की परीक्षेआधी मला तो खडकवणचा छेद डोळ्यांनी पाहायचा आहे. शालिग्राम सरांनी फोन करून सांगितलं, "भटू, एकतीस मार्चला तुमची नोंदणी संपते. तीनदा मुदतवाढ झाली आहे, चौथी मिळत नाही. चौदाला झालं तर झालं, नाहीतर अकरा वर्षं पाण्यात. आणि हो, छेद नीट दिसला पाहिजे. माझेही दोन लेख आहेत त्यावर."

त्या दिवशी खडीमशीन छेदापासून दीडशे फुटांवर आलं होतं.

मी एक डबा पांढरा ऑइलपेंट घेतला, ब्रश घेतला, लुना काढली आणि खडकवणला गेलो. आता इथे माझी अक्कल बघा. आमच्या धंद्यात महत्त्वाच्या जागेला पांढऱ्या रंगानं गोल करतात आणि मध्ये ठिपका देतात. जगभर करतात. मी छेदाच्या भोवती, जिथे दोन दगड एकमेकांना भिडतात नेमकं त्या रेषेवर, सात गोल काढले. मध्ये सात ठिपके. शेजारी आकडे, एक ते सात. लांबून पाहिलं. इतकं सुंदर दिसत होतं की फोटो काढले. मग खडीमशीनवर गेलो. मुकादम नव्हता, जेवायला गेला होता. तिथल्या मजुरांना सांगितलं, "तिकडे मी खुणा केल्या आहेत, मुकादमाला सांगा. विसरू नका." त्यांनी मान हलवली. येताना हिलाल नानाला पण सांगून आलो. नाना म्हणाला, "सांगी देतो सर. काळजी करू नका."

सगळ्यांनी सांगितलं, बरं का. एकानंही कुचराई केली नाही. सरकारी कामात एवढा चोख निरोप मी आयुष्यात पाहिला नाही.

बारा फेब्रुवारीला मी पाहुण्यांसाठी छेद झाडून घ्यायला निघालो. लुनाच्या मागे झाडू, बादली, घासायला तारेचा ब्रश. रंगाचा उरलेला डबा पिशवीत. खडकवणच्या फाट्यावर होतो तेव्हा बाराचा आवाज आला. दुपारचा एक वाजला होता, रोजचाच आवाज. फक्त जरा जवळून आल्यासारखा वाटला. बांधापाशी पोचलो तर धूळ अजून खाली बसायची होती.

छेद नव्हता.

म्हणजे माझी अकरा वर्षं जिथे उभी होती तिथे एक ढीग होता, आणि ढिगाच्या मागे नवा कोरा कडा. बादली हातातच राहिली. मी तिथेच मातीत बसलो. धुळीतून इसाकभाई आला. ठेकेदाराचे बार तोच लावायचा. खांद्यावर लाल फडकं, चेहरा आनंदानं फुललेला.

"सर! वा! काय निशाण लावलेत तुम्ही! तीस वर्षं हे काम करतोय, अशी जागा कोणी दाखवली नाही. सात भोक, सात बार, आणि सगळा दगड कसा कलिंगडासारखा उघडला. एक बार वाया गेला नाही. मुकादमला म्हटलं, सरांना कळतं, दगड कुठून सुटतो ते!"

मग कळलं. खाणीवर मुकादम चुन्यानं नाहीतर पांढऱ्या रंगानं गोल काढून ठिपका देतो, तिथे भोक पाडून बार भरायचा असतो. आकडा म्हणजे कोणता बार आधी पेटवायचा तो. धुळे तालुक्यात विहीर खोदणाऱ्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. मी अकरा वर्षं त्या माणसांत हिंडलो, त्यांच्या पाटीतली भाकर खाल्ली, त्यांना पृथ्वीच्या पोटातला शिलारस कसा वर येतो ते समजावून सांगितलं. त्यांच्या कामातलं काहीएक विचारलं नाही. विचारण्यासारखं काही असेल असं वाटलंच नाही मला.

"गाढव आहात तुम्ही!" मी ओरडलो. "ते वाचवायला काढले होते गोल! वाचवायला!"

इसाकभाईचा चेहरा उतरला. तो हळूच खाली बसला माझ्याजवळ. "मग सर, तोडू नका असं लिहायचं ना," एवढंच म्हणाला. आणि खरं होतं त्याचं. आकडे लिहिले सात, पण दोन शब्द लिहायचं सुचलं नाही मला.

थोड्या वेळानं मी उठलो. म्हटलं, निदान मागचा कडा तरी बघू. छेद चार फूट मागेही चालू असणारच, उलट ताज्या दगडात अजून स्वच्छ दिसेल. परीक्षक खूशच होतील. उमेद आली. ढिगावर चढलो, खिशातून भिंग काढलं.

गरम पाक थंड ताटात ओतला की कडा आधी धरतात. शिलारसाचं तसंच. नंतर आलेला शिलारस आधीच्या थंड दगडाला टेकतो तिथे चटकन गोठतो, आणि त्याची कड काचेसारखी बारीक, काळीभोर होते. कोण पाहुणा आणि कोण आधीपासून घरात, ते त्या कडेवरून कळतं. हे मी पंधरा वर्षं वर्गात सांगत आलो होतो, फळ्यावर चित्र काढून. ताज्या कड्यावर ती काळी कड होती. अगदी चित्रातल्यासारखी. ती जाड भिंतीची होती. ती सरळ वरून खाली आली होती, कुठेही तुटली नव्हती, आणि बारीक भिंत तिला येऊन थटली होती नि तिथेच संपली होती. वर जी बारीक भिंत आरपार गेलेली दिसायची, ती भिंत नव्हतीच. जाड दगडातली एक रुंद भेग होती, गाळानं काळी झालेली.

खाली उलटं होतं. मोठा दगड बारीकला कापून गेला होता.

मी भिंग पुसलं. दोनदा पुसलं. दोन्ही वेळा तेच. माझ्या चारशे पानांतली सगळी पानं बरोबर होती, फक्त उलट्या क्रमानं घडलेली. आणि ही गोष्ट चाळीस फूट खाली उतरून दगड हातानं फोडणाऱ्या माणसानं मला आठ वर्षांपूर्वी सांगितली होती.

इसाकभाई मागे येऊन उभा राहिला. कड्याकडे बघितलं त्यानं, मग माझ्याकडे. "मी म्हटलो होतो ना सर," असं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता. म्हणाला नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

आता विचार करा, माझ्या जागी कोणी असता तर? परवा परीक्षक येणार. जगातला कुठलाही भूगर्भवाला त्या कड्यापुढे दोन मिनिटं उभा राहिला असता तर त्याला कळलं असतं. खरं सांगितलं तर प्रबंध परत, एकतीस मार्चला नोंदणी रद्द, शालिग्राम सरांचे दोन लेख चुकीचे, आणि मी जन्मभर भटू सर. घरी तीनशे बारा दगड. प्रमिलाबाईंनी त्या वर्षी मला न विचारता घराच्या पाटीवर माझ्या नावाआधी थोडी जागा सोडून ठेवली होती. पाटी रंगवणाऱ्याला म्हणाल्या होत्या, इथे काय ते मार्चमध्ये भरू. ती रिकामी जागा मला त्या ढिगावर उभ्या उभ्या दिसत होती.

भीती वाटत होती, हे कबूल करतो. शास्त्राची बिस्त्राची नाही. लोक हसतील याची.

मी विचारलं, "इसाकभाई, उद्या बार कुठे आहे?"

"पूर्वेला सर. हा भाग मुकादम म्हणाला चार दिवसांनी घेऊ. आधी हा ढीग उचलू."

"उद्या इथे घ्या ना."

तो माझ्याकडे बघत राहिला. दोन वर्षं या बांधाचा एक दगड हलवू नका म्हणून अर्ज करत हिंडणारा माणूस मी. त्याच्या डाव्या कानाला बहुतेक वाटलं असेल, आपल्याला चुकीचं ऐकू आलं.

"कुठे घेऊ म्हणता?"

मी कड्याकडे बोट केलं. काळ्या कडेकडे.

इसाकभाईनं बिडी काढली, पेटवली नाही, परत कानामागे खोचली. "सर," म्हणाला, "निशाण तुम्हीच लावा. तुमच्या हातचं बरं पडतं."

टोमणा होता का? आजही सांगता येत नाही मला. त्याचा आवाज साधाच होता. पिशवीत रंगाचा डबा होताच. मी ब्रश बुडवला आणि त्या ताज्या, स्वच्छ, माझ्या आयुष्यात पाहिलेल्या सगळ्यात सुंदर छेदावर सात गोल काढले. सात ठिपके दिले. या वेळी आकडे पण बरोबर क्रमानं टाकले, कारण आता मला काम येत होतं.

तेराला दुपारी एकला बार झाला. मी धुळ्यात वर्गात होतो, कालक्रम शिकवत होतो.

चौदाला परीक्षक आले. सज्जन, म्हातारे, डोक्याला टोपी, खिशात स्वतःची जुनी हातोडी. शालिग्राम सर या वेळी चक्क जीपमधून उतरले. ढिगापुढे उभं राहून मी जे बोललो ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो, कारण फार चांगलं बोललो. विकासाच्या नावाखाली निसर्गाचा अमूल्य पुरावा कसा नष्ट होतो, संशोधकाची अकरा वर्षं एका बारात कशी जातात, वगैरे. गळा दाटून आला, आणि खराच दाटून आला हो, सोंग नव्हतं ते. परीक्षकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. शालिग्राम सरांनी रुमाल काढला. मी सात गोलांचे फोटो दाखवले. "तुम्ही वाचवायचा किती प्रयत्न केलात," म्हातारे म्हणाले.

मग त्यांची नजर इसाकभाईवर गेली. तो लांब उभा होता, लाल फडकं खांद्यावर. परीक्षकांनी हिंदीत विचारलं, "भाई, आपने तोडा ना? अंदर से कैसा था पत्थर? कुछ देखा आपने?"

शालिग्राम सर घड्याळात बघत होते. इसाकभाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही.

"साहब," तो म्हणाला, "हम तो सुरंग लगाते हैं। बाकी का सर लोग देखते हैं।"

परीक्षक हसले, माणूस आवडला त्यांना. संध्याकाळी मी डॉक्टर झालो. प्रमिलाबाईंनी पाटीवरची जागा भरून घेतली, आणि त्रेचाळीस नंबरचा दगड बरणीतून काढून धुऊन शोकेसमध्ये मांडला. कॉलेजात सत्कार झाला. हिलाल नाना खडकवणहून केळीचा घड घेऊन आला. इसाकभाईलाही निरोप होता. आला नाही, साक्रीकडे कुठे विहिरीचं काम निघालं होतं म्हणे. त्यानंतर तो मला कधी भेटला नाही. मी शोधलाही नाही.

पुढच्या वर्षी लातूरकडे जमीन हलली, आणि इकडे लोक घाबरून मला विचारायला यायला लागले. जळगावला, भुसावळला, वरणगावच्या कॉलनीत, कुठे कुठे भाषणं दिली मी. खानदेशची जमीन आधी कशी ताणली आणि मग कशी, ते नकाशा लावून सांगतो. लोक वहीत उतरून घेतात. बांध तर आता शिल्लकच नाही. सगळा महामार्गाखाली अंथरलाय, सुरतेचे ट्रक जातात वरून. माझ्याविरुद्धचा पुरावा रोज दाबून पक्का होतो.

फक्त एक जागा राहिली आहे. हिलाल नानाची विहीर. चाळीस फुटांवर, जिथे इसाकभाईनं मला बघायला बोलावलं होतं. पाऊस चांगला झाला तर वर्षभर ती पाण्याखाली असते. पण पंच्याण्णवला पाऊस कमी पडला आणि पुढच्या मे महिन्यात पाणी तळाला गेलं. मी लुना काढून गेलो होतो. काठावरून वाकून पाहिलं. उन्हाची तिरीप नेमकी आत पडली होती, आणि काळी कड वरून खाली, कुठेही न तुटता, लखलखत होती.

तेव्हापासून मृग लागला की माझा जीव खालीवर होतो. पाऊस लांबला की मी खडकवणला फोन करतो. ग्रामपंचायतीत आता फोन आलाय. दरवर्षी विहिरीच्या पाण्याचा तोच प्रश्न, "नाना, हीरमा पानी कितलं शे?"

"शे सर, भरपूर शे," नाना म्हणतो. मग फोन बाजूला धरून तिथे बसलेल्यांना मोठ्या अभिमानानं सांगतो, ते मला इकडे स्पष्ट ऐकू येतं: "डॉक्टरसाहेब शेत! आपला गावनी त्यासले केवढी काळजी शे, देखा!"